वाढली म्हणजे नेमकं काय वाढलं? एक यादी, एक वर्ग आणि मोजण्याच्या चुका

ऑगस्टमध्ये ताईचा फोन आला. माझी ताई बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. दोनशिक्षकी शाळा, तिच्याकडे तिसरी आणि चौथी एकत्र, पटावर ३१ लेकरं. म्हणाली, "अगं, ती विशेष गरजांची यादी भरली. एकतीसमधली सात निघाली. मागच्या साली दोन होती. वरून फोन आला, तुमच्याकडं एकदम एवढी कशी वाढली म्हणून. आता तू सांग, तू सायन्सवाली ना!"

मी जैवरसायनशास्त्रात पीएचडी करते. शिक्षणशास्त्र माझा विषय नाही. पण हा प्रश्न ऐकला आणि लगेच वाटलं, हा तर आपल्याच घरचा प्रश्न आहे. एक चाचणी आहे, तिचा निकाल आहे आणि त्या निकालावरून कोणीतरी जगाबद्दल विधान करतंय. आपण प्रयोगशाळेत रोज हेच करतो. नेट-सेटसाठी सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटीच्या व्याख्या आपण सगळ्यांनी पाठ केल्यात. आज त्या व्याख्या वर्गात नेऊन बघू. 'प्राथमिक शाळांत विशेष गरजा असलेल्या मुलांची संख्या वाढतेय' हे वाक्य तुम्ही सेमिनारमध्ये, प्रबंधाच्या पहिल्या पानावर, वर्तमानपत्रात कितीदा तरी वाचलं असेल. या पोस्टमध्ये मला त्या वाक्याचं आणि ते ज्या यादीवर उभं आहे तिचं परीक्षण करायचंय.

आधी यादीची बाजू

परीक्षण म्हणजे नुसते दोष काढणं नव्हे, म्हणून आधी यादी काय आहे ते सांगते. एनसीईआरटीने 'प्रशस्त' नावाची शाळांसाठीची प्राथमिक छाननी यादी तयार केली आहे. २०२२ मध्ये तिचं मोबाइल अॅपही आलं. तिचे दोन भाग आहेत. पहिला भाग वर्गशिक्षक भरतात. त्यात ज्या मुलांबद्दल शंका येते, त्यांच्यासाठी दुसरा भाग विशेष शिक्षक आणि तज्ज्ञ भरतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मधले २१ प्रकार डोळ्यांपुढे ठेवून ती बनवली आहे. ही फक्त छाननी आहे, निदान किंवा प्रमाणपत्र नाही, असं ती स्वतःच सांगते.

हे काम महत्त्वाचं आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षं अशी मुलं 'ढ', 'मंद', 'खोडकर' याच तीन शब्दांत बसवली गेली. मागच्या बाकावरच्या मुलाला वाचता येत नाही याचं कारण आळसापलीकडे काही असू शकतं, हा विचार साध्या वर्गशिक्षकाच्या हातात देणं ही मोठी गोष्ट आहे. तेव्हा माझी तक्रार यादी असण्याबद्दल नाही. तिच्या निकालाचं आपण पुढे काय करतो, त्याबद्दल आहे.

'वाढली' या शब्दात किती गोष्टी लपल्यात?

समजा एका जिल्ह्यात नोंदवलेल्या मुलांची संख्या दहा वर्षांत दुप्पट झाली. ती का झाली? निदान पाच कारणं असू शकतात, आणि ती वेगवेगळी करणं हे संशोधकाचं पहिलं काम.

एक, व्याख्या बदलली. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात २१ झाले. विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणितात येणारी खास अडचण, १९९५ च्या यादीत नव्हतीच. २०११ च्या जनगणनेतही तिच्यासाठी वेगळा रकाना नव्हता. त्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग व्यक्ती नोंदवल्या गेल्या. हा आकडा आजच्या २१ प्रकारांच्या आकड्याशेजारी ठेवून 'वाढ' काढली, तर ते मीटरमधून फूट वजा करण्यासारखं झालं.

दोन, शोधणं वाढलं. जिथे आधी कोणी बघतच नव्हतं, तिथे आता यादी आहे.

तीन, मुलं शाळेत आली. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. जी लेकरं पूर्वी घरी ओट्यावर बसून असायची, ती आता पटावर आहेत. गावात ती आधीही होतीच, वर्गात नव्हती. ही वाढ तर आनंदाची म्हणायला हवी.

चार, छेद बदलला. गावातली ऐपतवाली घरं मुलांना तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालतात, पिवळी बस दारात येते. जिल्हा परिषद शाळेचा पट ६० वरून ३१ वर आला आणि अडचण असलेली मुलं तेवढीच राहिली, तर एकही मूल न वाढता टक्केवारी जवळजवळ दुप्पट दिसते.

पाच, खरोखर वाढ झाली. उदाहरणार्थ, कमी वजनाची, दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं आता नवजात अतिदक्षता कक्षांमुळे जास्त वाचतात, आणि त्यांच्यातल्या काहींना पुढे दृष्टी, श्रवण किंवा विकासाच्या अडचणी येतात. हे कारण खरंच आहे. पण पहिली चार वजा केल्याशिवाय त्याचा वाटा किती, हे बोलता येत नाही.

ताईच्या वर्गात दोनाचे सात झाले ते याच वर्षी, नवी यादी हातात आल्यावर. म्हणजे दुसरं कारण तर नक्कीच आहे. पण एवढ्याने भागत नाही, कारण यादी चुकतेही.

थोडं गणित

पेन घ्या. पुढचे आकडे मी समजण्यासाठी धरलेले आहेत, ते कुठल्या अभ्यासातले नाहीत.

१००० मुलं आहेत. त्यातल्या ५० मुलांना खरोखर अध्ययन अक्षमता आहे. यादीची सेन्सिटिव्हिटी ८० टक्के, म्हणजे ५० पैकी ४० मुलं ती बरोबर पकडते. स्पेसिफिसिटी ९० टक्के, म्हणजे ज्यांना अक्षमता नाही अशा ९५० पैकी ८५५ ना ती बरोबर सोडून देते आणि ९५ जणांवर उगीच खूण करते.

एकूण खुणा १३५. त्यातल्या खऱ्या ४०. म्हणजे खूण झालेल्या दर दहा मुलांपैकी साधारण तीनच मुलं खरी. चाचणी चांगली असूनही असं होतं, कारण ज्या गोष्टीचा शोध घेतोय ती मुळात कमी आहे. म्हणून तर दुसरा भाग, तज्ज्ञांची तपासणी आणि नंतरचं निदान, या पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवरच्या १३५ ला 'विशेष गरजा असलेली १३५ मुलं' म्हणणं ही पहिली चूक. आपल्याकडे ती सर्रास होते.

आता यात बीड घालू.

कोयता आणि स्पेसिफिसिटी

बीडबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. दसरा-दिवाळीनंतर आमच्या जिल्ह्यातली लाखो माणसं ऊसतोडीला जातात. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, नगर, थेट कर्नाटकापर्यंत. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम कारखान्याच्या परिसरात, कोपीत. लेकरं एकतर बरोबर जातात, नाहीतर आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. वसतिगृहाची सोय चांगली आहे, पण सहा वर्षांचं लेकरू आईशिवाय ठेवायला कोणाचं मन धजतं? त्यात बरोबर गेलेली थोरली पोर धाकट्याला सांभाळायला लागते.

म्हणजे पहिलीत असलेलं मूल जून ते ऑक्टोबर शाळेत आणि नोव्हेंबर ते एप्रिल फडात. दुसरीतही तेच. आणि अध्ययन अक्षमतेच्या मूल्यांकनासाठी २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना म्हणतात, की शिक्षकांनी छाननी तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी करावी. शहरातल्या मुलासाठी ही वेळ योग्य आहे, दोन वर्षं शिकून झालेली असतात. तोडीला जाणाऱ्या लेकराची मात्र तिसरीच्या दारात दोन हंगाम शाळा बुडालेली असते. त्याला सावकाश वाचता येतं, जोडाक्षर आलं की अडखळतं, फळ्यावरचं उतरवताना ओळी गळतात. यादीतल्या एकामागून एक रकान्यात खूण होत जाते.

ही खूण खोटी नाही. अडचण खरीच आहे. पण अडचणीचं कारण मेंदूच्या वाचनप्रक्रियेत आहे की हजेरीपटात, हे त्या खुणेतून कळत नाही. जगभर वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत अध्ययन विकाराची अट स्पष्ट आहे: अडचण नेमकी मदत देऊनही किमान सहा महिने टिकली पाहिजे, आणि पुरेसं शिक्षण न मिळणं किंवा शिकवण्याची भाषा नीट न येणं हे तिचं कारण नसावं. म्हणजे निदानाच्या आधी 'याला नीट शिकवलंय का?' हा प्रश्न विचारायचाच आहे.

आता पुन्हा गणित. त्याच १००० मुलांतली २०० तोडीला जाणाऱ्या घरांतली धरा. खरी अक्षमता त्यांच्यातही ५ टक्केच, म्हणजे १० जणांना. पण त्यांच्यासाठी यादीची स्पेसिफिसिटी ६० टक्क्यांवर आली असं समजा. उरलेल्या १९० पैकी ७६ जणांवर चुकीची खूण. बाकीच्या ८०० मुलांत अक्षमता नसलेली ७६०, त्यांच्यात १० टक्क्यांनी ७६ चुकीच्या खुणा. खऱ्या ४० धरून एकूण १९२. त्यात तोडीच्या घरांतली ८४, म्हणजे जवळपास ४४ टक्के.

वर्गात पाचातलं एक लेकरू तोडीच्या घरचं, यादीत मात्र निम्म्याच्या आसपास तीच. उद्या एखादा संशोधक ही यादी घेऊन बसला, तर तो 'स्थलांतरित मजुरांच्या मुलांत अध्ययन अक्षमतेचं प्रमाण जास्त' असा निष्कर्ष काढेल, पी-व्हॅल्यूही झकास येईल, आणि तो चूक असेल. चाचणी वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी चुकते, हे त्याने तपासलेलंच नसेल.

मी ताईला विचारलं, सातांतली तोडीला जाणारी किती? म्हणाली, "पाच."

तुम्ही म्हणाल, ३१ मुलांचा एक वर्ग म्हणजे अभ्यास नव्हे. बरोबर. यातून सिद्ध काहीच होत नाही, फक्त कुठे बघायचं ते कळतं.

अक्षरांची आपली चाल

आणखी एक अडचण लिपीची आहे. वाचनदोषावरचं बरंचसं संशोधन इंग्रजीवर झालं. इंग्रजीत २६ अक्षरं लवकर पाठ होतात, त्रास उच्चार-लेखनाच्या विसंगतीचा होतो. आपल्याकडे उलट आहे. उच्चार बराच नियमित, पण बाराखडी आणि जोडाक्षरं धरून चिन्हांची संख्या शेकड्यांत. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की अक्षरांचं ज्ञान पक्कं व्हायला चौथीपर्यंत, काहींना त्याहून पुढेही वेळ लागतो. कन्नडचीही घडण आपल्यासारखीच, मात्रा आणि जोडाक्षरांची. तेव्हा तिसरीतलं मूल 'र्‍ह' किंवा 'क्ष' पाशी थांबलं, तर ते थांबणं कितपत वेगळं आहे, हे मराठी वाचणाऱ्या मुलांशीच ताडून ठरवायला हवं. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या 'डाली' या साधनात हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीही आहे, ती वाट म्हणूनच महत्त्वाची. पण त्यातही विचारायचा प्रश्न तोच: ज्या मुलांवरून प्रमाण ठरवलं, त्यांच्यात वर्षातले पाच-सहा महिने शाळेबाहेर असणारी मुलं होती का?

यादीत नसलेली मुलगी

आतापर्यंत मी चुकून आलेल्या नावांबद्दल बोलले. आता चुकून सुटलेल्या नावाबद्दल.

ताईच्या वर्गात एक मुलगी आहे. शांत, अक्षर सुरेख, कोणाला त्रास नाही. सातांत ती नव्हती. सप्टेंबरमध्ये एक दिवस ताई फळ्याकडे तोंड करून तारखेची ओळ लिहिता लिहिता शुद्धलेखनाचे शब्द सांगत होती. मुलीची पाटी कोरी राहिली. ताईने वळून तेच शब्द पुन्हा सांगितले, तर सगळे बरोबर. मग ताईने मुद्दाम तीनदा करून पाहिलं. मुलगी ओठ वाचत होती. पुढे कान तपासले, दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं असं निघालं. आता ती पहिल्या बाकावर आहे आणि श्रवणयंत्राची कागदपत्रं चालू आहेत.

शिक्षकाच्या निरीक्षणावर चालणारी कुठलीही यादी वर्गाला त्रास देणारं मूल आधी पकडते. सोसणारं मूल मागे राहतं. त्यात ती मुलगी असेल तर आणखीच.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्याचं पथक शाळेत वर्षातून एकदा मुलं तपासतं. पण पथक जानेवारीत आलं तर? ज्या मुलांच्या घरी डॉक्टर सर्वांत लांब, नेमकी तीच त्या दिवशी उसाच्या फडात असतात. संख्याशास्त्रात याला योगायोगाने न हरवलेला डेटा म्हणतात. तो हरवण्यामागे कारण असतं, आणि ते कारण आपण जे मोजतोय त्याच्याशी जोडलेलं असतं. असा डेटा सरासरीने भरून काढता येत नाही.

मग यादी फाडून टाकायची का?

इथपर्यंत वाचून काहींना वाटेल, की लेबलच नको. मलाही फोन ठेवताना तसंच वाटलं होतं. पण ताई म्हणाली, "नाव नाही दिलं तर माणूस कसा मिळायचा?"

तिचं बरोबर आहे. रजनीश कुमार पांडे विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ ला विशेष शिक्षकांचं प्रमाण सांगितलं: प्राथमिकला दहा मुलांमागे एक, उच्च प्राथमिकला पंधरा मुलांमागे एक. मोजलेल्या मुलांवरून शिक्षक ठरणार. महाराष्ट्रात २०२४ मध्ये केंद्रस्तरावर प्रत्येकी एक अशी ४,८६० विशेष शिक्षकांची पदं मंजूर झाली. एका केंद्रात कितीतरी शाळा येतात, त्यामुळे एकाच माणसाच्या वाट्याला वाड्या-वस्त्यांची पायपीट येणार. तिथे कुठल्या लेकराकडे आधी जायचं, हे यादीच ठरवणार. चुकीच्या खुणांनी ती फुगली, तर खऱ्या गरजेच्या लेकराचा वेळ कमी होतो. खूण टाळली, तर त्याला वेळ मिळतच नाही. नुकसान दोन्हीकडे आहे.

२०१६ च्या कायद्याचं कलम १७ नीट वाचा. शाळेत जाणाऱ्या मुलांचं दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करायचं, त्यात दिव्यांग मुलं ओळखायची, त्यांच्या गरजा ठरवायच्या, आणि त्या गरजा कितपत भागतात तेही बघायचं. तीन प्रश्न आहेत. आपली चर्चा पहिल्यावरच अडते. 'सात कशी वाढली' असं विचारणाऱ्याने 'सातांना काय मिळालं' असं विचारलं असतं, तर या पोस्टची गरजच पडली नसती.

तुम्ही अभ्यास आखणार असाल तर

हजेरी हा चल मुख्य विश्लेषणात घ्या, परिशिष्टात टाकू नका. मागच्या दोन वर्षांत मूल किती दिवस शाळेत होतं, हे लिहिल्याशिवाय वाचनाचा गुण लिहू नका.

पातळीऐवजी चढ मोजा. एका दिवशीच्या चाचणीपेक्षा आठ-दहा आठवडे नेमकं शिकवून मूल किती पुढे सरकलं ते बघा. अमेरिकेत २००४ च्या कायदादुरुस्तीनंतर ही पद्धत वापरायला वाव मिळाला. तिच्यावरही आक्षेप आहेत, मुख्य म्हणजे वाट बघण्यात मुलाचा वेळ जातो. पण मदत आणि प्रमाणपत्र या गोष्टी वेगळ्या ठेवल्या, तर मदत पहिल्या दिवसापासून सुरू करता येते.

कान आणि डोळे आधी तपासा, त्यानंतर वाचन.

आणि तपासणीच्या तारखा नोंदवा. आमच्या जिल्ह्यात जुलै आणि जानेवारी हे दोन वेगळे जिल्हे आहेत.

ताईने काय केलं ते सांगते. सातांतली तोडीची जी पाच होती, त्यांना तिने ऑगस्टच्या मध्यापासून रोज परिपाठाआधी पाऊण तास बसवलं. अक्षरकार्ड, मातीत बोटाने गिरवणं, आपल्याच गावच्या दुकानांच्या पाट्या वाचणं. दिवाळीपर्यंत दहा आठवडे झाले. तिघं जोडाक्षरांसकट वाक्यं वाचायला लागली. दोघं जवळपास तिथेच राहिली.

त्यातला एक तिसरीतला मुलगा, ज्याच्याबद्दल मी फोनवर छातीठोकपणे म्हणाले होते, "अगं, याला काही नाही, फक्त शाळा बुडालीय." शाळा बुडालीच होती. पण मी चुकले होते. त्याला बहुधा दोन्ही अडचणी आहेत, आणि ते आता तज्ज्ञांनीच बघायला हवं. एका कारणाने दुसरं कारण खोडलं जात नाही, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते आणि स्वतःच विसरले.

तपासणी शिबिराची तारीख आली, डिसेंबरची. मुलगा नोव्हेंबरात आई-बापाबरोबर गेला. आजी थकलेली, तिच्याकडे ठेवायची सोय नव्हती. ताईने त्याच्या बापाचा नंबर घेऊन ठेवलाय, आणि पुढच्या शिबिराची तारीख जुलैत धरावी म्हणून अर्ज लिहिलाय. अर्जाला जोडायला मी तिला एक तक्ता करून दिला: वर्गातल्या ३१ मुलांची महिन्यागणिक हजेरी. नोव्हेंबरपाशी रेघ कशी खाली येते, ते कोणालाही दिसतं.

तुमच्या गावच्या शाळेत असा हजेरीपट असेलच. गुरुजींना किंवा मॅडमना विचारून बघा, आणि तपासणीच्या तारखा त्याच्या शेजारी लिहून पाहा. प्रबंधाचा विषय शोधत असाल, तर सुरुवात तिथून करता येईल.